क्लिकवर न बसलेला अभंग : मिरजेतल्या एका होम स्टुडिओची खरेदी

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. किमती त्या वेळच्या, शंभराच्या पटीत गोल केलेल्या.)

पार्श्वभूमी

ताई मिरजेत राहतात आणि गेली वीस वर्षं घरीच गाण्याचे वर्ग घेतात. सकाळी शाळेतली मुलं येतात, संध्याकाळी गृहिणी, आणि रात्री उशिरा व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या दोन मराठी मुली. लॉकडाऊनमध्ये त्यांनी ऑनलाइन वर्गासाठी एक यूएसबी माइक घेतला होता, तो अजून ठणठणीत आहे. घरात सतारमेकर गल्लीत बनवून घेतलेला तानपुरा, वडिलांची जुनी पेटी आणि एक तानपुऱ्याचं अ‍ॅप असलेला फोन. मी सांगली-मिरज भागात कार्यक्रमांना साउंड देतो आणि थोडंफार रेकॉर्डिंगही करतो. त्यांच्या दोन-तीन कार्यक्रमांना मीच मिक्सरवर होतो, एवढी आमची ओळख.

भिशी लागली आणि ताईंच्या हातात ४५,००० रुपये आले. बारा अभंग नीट रेकॉर्ड करायचे, शिकणाऱ्यांना द्यायचे आणि जमलं तर यूट्यूबवर टाकायचे, असा त्यांचा बेत होता. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने इंटरनेटवर शोधून यादी पाठवली. कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा), ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी), पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे स्पीकरची, जोडी, ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, भिंतीला लावायच्या एक इंची फोमच्या बारा लाद्या. बेरीज ६५,००० च्या पुढे जात होती. "यातलं काय नको ते सांगा," म्हणून यादी माझ्याकडे आली.

यादीला लावलेली कात्री

मिडी कीबोर्ड पहिल्या मिनिटातच कटला. ताईंना संगणकातले आवाज वाजवायचे नव्हते, स्वतःची पेटी वाजवायची होती.

मॉनिटरवर मात्र मुलाशी फोनवर बराच वाद झाला. "सगळ्या स्टुडिओत असतात," हा त्याचा मुद्दा. असतात, पण त्या स्टुडिओंच्या भिंतींवर मॉनिटरपेक्षा जास्त पैसा ओतलेला असतो. ताईंची खोली १० बाय १२ फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झचा सूर तिथे घुटमळतो, बारा फुटांत ४७ चा. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या डाव्याचा, घुमाराही असाच खालच्या सुरांतला. अशा खोलीत खुर्ची एक हात मागे सरकवली तरी डग्गा दुप्पट वाटतो किंवा गायब होतो, मग मिक्सिंग कशाच्या भरवशावर करायचं? शिवाय शेजारी परीक्षेला बसलेली मुलगी. बंद पाठीचे बरे हेडफोन ८,२०० ला मिळत होते, त्यावर भागवायचं ठरलं. जवळपास चोवीस हजार वाचले.

फोमही गेला. एक इंची फोम फक्त वरचे, कर्कश सूर खातो. खालचे सूर त्यातून आरपार जातात, त्यामुळे खोली शांत वाटते पण आवाज बोजड होतो. ताईंकडे जुन्या नऊवारींच्या चार जाड गोधड्या होत्या. त्याही खालच्या सुरांचं काही करत नाहीत, पण फोमपेक्षा जाड आहेत, फुकट आहेत आणि काम झालं की घडी करून ठेवता येतात.

उरलं ते असं घेतलं : एक मायक्रोफोन इनपुट असलेला इंटरफेस ११,५००, मोठ्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कंडेन्सर माइक ९,८००, हेडफोन ८,२००, बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) १,६००, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) ५०० आणि माइकची सहा मीटरची एक्सएलआर केबल ९००. एकूण ३२,५००. सॉफ्टवेअर म्हणून रीपर, कारण ते साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे. बजेटमधले साडेबारा हजार शिल्लक. मी स्वतःवर खूष होतो.

अडचण कुठे आली

एक इनपुट पुरेल हे मी कशाच्या आधारावर धरलं होतं? घरगुती स्टुडिओची नेहमीची पद्धत अशी : आधी मेट्रोनोमचा क्लिक, म्हणजे ठरावीक लयीची टकटक, कानात लावायचा, मग एकेक वाद्य त्यावर रचत जायचं. एका वेळी एकच जण वाजवणार, म्हणून माइकही एकच लागतो. मुलाच्या यादीतही हेच गृहीत होतं आणि मी ते न तपासता उचललं.

पहिल्या रविवारी ताई पेटी घेऊन गायल्या. कानात क्लिक, लय ठरलेली. ऐकायला स्वच्छ. पुढच्या रविवारी तबल्याचे काका आले. भजनी ठेका लावला, दोन अंतरे झाले, आणि काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "हे लय दाखवतंय, पण वाढवत नाही की. मी पळायचं कुणाच्या मागं?"

ते बरोबर बोलत होते. अभंगाची लय शेवटाकडे चढते. गजराला येईपर्यंत ती सुरुवातीपेक्षा बरीच पुढे गेलेली असते, आणि ती किती चढवायची हे गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे बघून ठरवतात. ताईंनी क्लिक पाळला होता, त्यामुळे गाणं शेवटपर्यंत एका जागी बसून राहिलं होतं. लग्गीला, म्हणजे तबल्याच्या जलद, दाट वाजण्याला, जागाच नव्हती. मीही ऐकताना "स्वच्छ" म्हणालो होतो. स्वच्छ होतंच, पण ताई ज्या अभंगासाठी ओळखल्या जातात तो हा नव्हता.

क्लिकची लय टप्प्याटप्प्याने वाढवून बघितली. रीपरमध्ये ते करता येतं. एक संध्याकाळ त्यात गेली. ताई म्हणाल्या, "पायऱ्या चढल्यासारखं वाटतंय." तो नाद सोडला.

पुढे कोणते रस्ते होते

दोघांनी समोरासमोर बसून एकदम वाजवायचं, हे आता नक्की झालं होतं. प्रश्न फक्त ते टिपायचं कसं, एवढाच होता.

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे घरातला यूएसबी माइक दुसरा म्हणून जोडणं. मुलाचा तोच आग्रह. पण इंटरफेस आणि यूएसबी माइक या दोघांचं आपापलं वेगळं घड्याळ असतं. सहा मिनिटांच्या अभंगात ती एकमेकांपासून किंचित सरकतात, आणि तबल्याचा फटका पेटीच्या पुढे-मागे ऐकू यायला तेवढं पुरतं. विंडोजवर दोन्ही एकदम चालवणं हाही वेगळा खटाटोप.

दुसरा रस्ता हातात मावणाऱ्या स्टिरिओ रेकॉर्डरचा, सुमारे २०,००० रुपये. दोघांच्या मध्ये ठेवायचा आणि बटण दाबायचं. मला हा मोहक वाटला होता, कारण बैठकीचं रेकॉर्डिंग त्यात खरंच छान येतं. पण त्यात खोलीही तितकीच छान येते, आणि नंतर तबला थोडा मागे घ्यायचा म्हटलं तर घेता येत नाही.

तिसरा रस्ता, सगळं परत करून तासावर स्टुडिओ घेणं. ताईंच्या ओळखीच्या एका स्टुडिओचा दर तासाला ८०० होता. अभंगाला तीन तास धरले तर बारा अभंगांचे २८,८०० रुपये. म्हणजे खरेदीपेक्षा कमी! हा हिशोब मी ताईंसमोर पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता, तो आत्ता मांडत होतो. त्यावर ताईंचं उत्तर एका वाक्याचं होतं : "तासाचं मीटर पळत असताना माझा आवाज लागत नाही."

चौथा रस्ता म्हणजे इंटरफेस बदलून दोन मायक्रोफोन इनपुटांचा घेणं. काहींना वाटेल, आधीच्या इंटरफेसला दुसरंही एक भोक होतंच की. होतं, पण ते गिटार किंवा कीबोर्डसाठी. माइकचा सिग्नल फार दुबळा असतो, त्याला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) लागतो आणि कंडेन्सर असेल तर केबलमधून मिळणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवरही. त्या भोकात यातलं काहीच नव्हतं.

चौथा रस्ता घेतला. दुकानदाराने जुना इंटरफेस १०,००० ला परत घेतला, नवा १७,५०० चा. माझ्या गृहीतकाचे दीड हजार ताईंच्या खिशातून गेले. आणखी एक डायनॅमिक माइक (मंचावर हातात धरतात तसला) ४,२००, दुसरा स्टँड १,६००, दुसरी केबल ९००. या फेरीचे १४,२०० झाले.

माइकांची अदलाबदल

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या टप्प्याने, म्हणून थोडं सविस्तर.

महागाचा कंडेन्सर गळ्याला आणि स्वस्तातला डायनॅमिक तबल्याला, अशी विभागणी मी न विचारता केली. ताईंच्या तोंडापासून फूटभर अंतरावर कंडेन्सर. त्यात ताई होत्या, पेटी होती, तबला होता आणि काकांच्या मागची भिंतही होती. तबल्याच्या माइकमध्ये चाट, म्हणजे कडेवरचा बोल, बोथट. दोन ट्रॅक असूनही वेगळं करता येण्यासारखं काही नव्हतं.

मग उलटं केलं. ताई पंचवीस वर्षं मंचावर माइकला जवळून गातात, त्यांची मान आपोआप तिकडे वळते. त्यांना डायनॅमिक दिला, चार इंचांवर. बारा इंचांवरून चार इंचांवर आलं की गळ्याची पातळी साधारण साडेनऊ डेसिबलनी वाढते, चार फुटांवरच्या तबल्याची मात्र तेवढीच राहते. डायनॅमिक माइक खोलीचा आवाज कमी घेतो असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग या अंतराचा असतो. कंडेन्सर गेला तबल्यावर, दोन्ही पुड्यांच्या मध्ये, फूटभर वर. लगेच चाट उजळली आणि शाईवरचं (पुडीतल्या काळ्या गोलावरचं) बोट ऐकू यायला लागलं.

दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं पूर्ण ऐकणारे, बाजूचं सुमारे सहा डेसिबल कमी आणि थेट पाठीमागचं जवळजवळ न ऐकणारे. त्यामुळे दोघांना समोरासमोर बसवलं आणि प्रत्येक माइकची पाठ समोरच्या वादकाकडे केली. सुदैवाने अभंगाला हवी असलेली बैठकही हीच.

पेटी राहिली होती. तिला तिसरा माइक नव्हता. तिचं वरचं झाकण अर्धं ओढलं, ताईंचा माइक ओठांच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवला आणि खाली तिरका न करता सरळ धरला, म्हणजे पेटी त्याच्या कडेला गेली. पेटी कमी-जास्त करायची तर झाकण सरकवायचं, एवढाच आमचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी).

गोधड्यांची जागाही चुकली होती. मी त्या माइकच्या मागे टांगल्या होत्या, कारण फोटोंमध्ये तसंच दिसतं. पण माइकची पाठ बहिरी असते. त्याचा कान ताईंकडे, आणि ताईंच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्या कानात. कपडे वाळत घालायचा स्टँड ताईंच्या मागे उभा केला, त्यावर दोन गोधड्या घातल्या. काकांच्या मागे साड्यांचं कपाट होतं, त्याची दारं उघडी टाकली.

बाकी खटपटी

लॅपटॉपचा पंखा वाजायचा, म्हणून लॅपटॉप आणि इंटरफेस दोन्ही हॉलमध्ये नेले आणि दाराच्या फटीतून दोन्ही केबली आत घेतल्या. एक्सएलआर केबल बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची खरखर रद्द करणारी, असते, सहा मीटर लांब गेली तरी कुरकुर पकडत नाही. रेकॉर्डचं बटण दाबायला ताईंची एक विद्यार्थिनी.

चार्जर लावला की गुणगुण यायची, काढला की बंद. हॉलमधल्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. वायरमनने ६०० रुपयांत ते करून दिलं. वीज गेली की घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर मात्र वेगळीच भुणभुण येते, तेव्हा सरळ चहा करतो.

वेळेचं गणित ताईंनीच सोडवलं. रात्री तबला वाजवता येत नाही, सकाळी कुकर आणि भाजीवाले. दुपारी दोन ते चार अख्खी कॉलनी वामकुक्षीत असते. पंखा बंद ठेवून एप्रिलमध्ये एक टेक, की लगेच दहा मिनिटं पंखा. जंक्शनवरच्या गाड्यांच्या भोंग्याला इलाज नाही. तो टेकमध्ये आला तर पुन्हा घ्यायचं.

पातळीचा एक धडा लय चढण्यातूनच आला. पहिल्या दिवशी मी ध्रुवपदाच्या वेळी तबल्याची पातळी लावली आणि गजराच्या लग्गीत प्रत्येक समेचा (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा) फटका फाटला. आता काकांना आधी लग्गीच वाजवायला सांगतो, तिची टोकं वजा दहा-बारा डेसिबलच्या आसपास ठेवतो. ठेक्याची पातळी मग खूप कमी दिसते, पण २४ बिटमध्ये कमी पातळीवर रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवायला भरपूर जागा असते.

तानपुरा ही एकच गोष्ट वेगळी रेकॉर्ड करता आली, कारण त्याला लय नाही. रात्री साडेअकराला, कंडेन्सर समोर, घोडीपासून फूटभरावर. तानपुरा इतका हळुवार की फ्रिजही ऐकू यायला लागला. फ्रिज बंद केला, आणि पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून ताईंनी स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बाहेर निघताना सापडली.

पण आठ मिनिटांचा तो सुंदर तानपुरा टाकून द्यावा लागला. अ‍ॅपवर काळी चार (चौथी काळी पट्टी सा धरून) लावून त्याला मिळवला होता. वडिलांची पेटी अ‍ॅपपेक्षा आठ-दहा सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी निघाली. एकत्र लावल्यावर सूर लाटांसारखा हेलकावत होता. दुसऱ्या रात्री पेटीचा सा धरूनच तानपुरा मिळवला.

निकाल

चार महिन्यांत बारापैकी सात अभंग झाले. एकूण खर्च ४७,३००, म्हणजे बजेटपेक्षा २,३०० जास्त. यूएसबी माइक वर्गाच्या कॉलसाठी आहे तिथेच राहिला. मिक्सिंग हेडफोनवर करून मग फोनच्या स्पीकरवर आणि मुलाच्या मित्राच्या गाडीत ऐकून बघतो. गाडीत डग्गा प्रत्येक वेळी अंदाजापेक्षा मोठा निघतो. खोलीच्या कोपऱ्यातला घुमारा गोधडीने जात नाही, हे त्याचं एक कारण असावं. त्यासाठी कोपऱ्यांत चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लागेल आणि ती जागा सध्या धान्याच्या डब्यांनी अडवली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीआधी ताई आणि काकांना त्या खोलीत बसवून साध्या फोनवर एक अभंग टिपला असता, तर दीड हजार आणि दोन रविवार वाचले असते. दोघं एकमेकांकडे किती बघतात हे मला दहा मिनिटांत दिसलं असतं. माझ्याकडचे दोन माइक महिनाभर उसने देऊन मग खरेदी, हेही शक्य होतं. का केलं नाही, याला माझ्याकडे बरं उत्तर नाही. यादी तयार होती आणि मी तिच्यातून वजाबाकी करत बसलो.

स्टुडिओच्या तासांचा हिशोब आधी मांडायला हवा होता, हे वर आलंच. ताईंचं उत्तर तेच आलं असतं, पण ते पहिल्याच दिवशी कळलं असतं.

स्टिरिओ रेकॉर्डरबद्दल मी अजून डळमळीत आहे. सातही अभंगांत मी तबला फार तर दोन-तीन डेसिबलनी हलवला असेल. नीट बसवून घेतलं असतं तर तेवढ्यासाठी दोन माइक लागले असते का? काकांचं म्हणणं, लागले नसते. पुढच्या रविवारी माझ्या एका मित्राचा रेकॉर्डर आणून आठवा अभंग दोन्हीवर एकदम टिपणार आहोत. विद्यार्थिनीला आता दोन बटणं दाबावी लागतील, म्हणून तिने आधीच चहात आल्याची मागणी नोंदवून ठेवली आहे.